कंबर चाळीसचा ससा

जगातल्या सगळ्या मोठ्या क्रांत्या तलवारीने नव्हे, सुईने झाल्या आहेत, असं माझं ठाम मत आहे. आमच्या घरातली क्रांती तर नक्कीच सुईने झाली. सुरू व्हायला थोडा उशीर लागला, कारण सुई सापडत नव्हती. मी खुर्चीत बसलो तेव्हा ती सापडली. "हलू नका, तिथेच असेल," असं ही म्हणाली. पण तोवर मी हललो होतो, आणि बराच उंच हललो होतो.

ही म्हणजे माझी बायको. एकदा 'नाही' म्हणाली की भिंत 'हो' म्हणेल, पण ही म्हणणार नाही.

झालं होतं असं, की आमची लेक पोरीच्या जन्मानंतर पहिल्यांदाच पुन्हा नोकरीला लागणार होती. जावई बदलीच्या गावी, म्हणजे त्याचा उपयोग फक्त फोनवर. नात अडीच वर्षांची. तिला आम्ही फौजदार म्हणतो, कारण ती काही मागत नाही, फर्मावते. दिवसभर तिच्यामागे धावायचं तर आम्हा दोघांचे मिळून चार गुडघे, आणि त्यातले तीन कायमच्या रजेवर. म्हणून पाळणाघर ठरलं. तिथे पोरीला सोबत हवी, म्हणून हिने ससा शिवायचं ठरवलं.

"विकत आणू या की," मी म्हणालो.

"विकतचा ससा काय, कुणाकडेही असतो."

"आणि शिवलेला?"

"तुमची ती तपकिरी कॉर्डरॉयची पँट कुठाय हो?"

दोन्ही गोष्टींचा संबंध मला लागला नाही, म्हणून मी भाबडेपणाने कपाटाकडे बोट दाखवलं. माणसाने बायकोपासून काही लपवू नये हे खरं, पण आवडती पँट त्यात धरू नये.

एका जुन्या मासिकात 'दोन तासांत गोंडस ससा' अशी कृती होती. कृती साधी होती. कागदावर आकार काढायचा, कापडाचे दोन तुकडे बेतायचे, सुलट बाजू आत ठेवून कडेने शिवायचं. मात्र खाली चार बोटं जागा मोकळी सोडायची. त्या फटीतून कापड बाहेर ओढून सुलट करायचं, कापूस भरायचा आणि मग फट मिटवायची. हिने आकार काढला, तुकडे बेतले, आणि शिवताना अशी काही तंद्री लागली की कानापासून पायापर्यंत आणि पायापासून पुन्हा कानापर्यंत सगळी कड शिवून टाकली. बारीक, देखणी, डबल शिलाई. फट कुठेच नाही. ससा पूर्ण झाला होता, पण आतल्या बाजूने.

"एवढं काय त्यात? चार टाके उसव," मी म्हणालो.

हातात कात्री असलेल्या माणसाला सल्ला देऊ नये, हे मला कळायला हवं होतं.

"उसवू? मी घातलेला टाका मी उसवू?" ही म्हणाली. "लग्नानंतर तुमचा खरा स्वभाव कळला, तेव्हा उसवलं नाही मी. आता एका सशासाठी उसवते होय!"

असं म्हणून तिने सशाचं पोट सरळ उभं चिरलं. तिथून त्याला सुलट केला. माझ्या उशीतला निम्मा कापूस भरला. आणि पोट मिटवायला, त्याच पँटची झिप काढून तिथे बसवली.

ससा तयार झाला. एक कान ताठ, दुसऱ्याला कापूस कमी पडल्यामुळे लोळागोळा. डोळे काळ्या दोऱ्याने भरलेले, त्यातला एक जरा वर सरकलेला, त्यामुळे त्याचा कुणाच्याच बोलण्यावर विश्वास नाही असं वाटे. आणि पोटाला पितळी झिप.

फौजदाराने त्याची कसून तपासणी केली. झिप उघडली, लावली, उघडली, लावली. मग तिने आईच्या पर्समधून हातरुमाल आणला, सशाच्या पोटात कोंबला आणि झिप लावली.

"आई आत गेली," तिने जाहीर केलं. सशाचं नाव ठेवलं 'भाऊ'.

सोमवारी लेक कामाला गेली. फौजदार पाळणाघरात गेली ती भाऊला काखेत मारून, मागे वळूनसुद्धा न बघता. आम्ही दोघं दारात रडायच्या तयारीने उभे होतो, ते तसेच राहिलो.

दुपारी लेकीला फोन गेला, मुलीला घेऊन जा म्हणून. पाळणाघराच्या मुख्य बाईंनी भाऊला ताब्यात घेऊन कपाटावर ठेवलं होतं. नियम असा, की बाहेरून आणलेल्या खेळण्याला कंपनीचं लेबल हवं. मागे कुणाच्या तरी घरच्या बाहुलीचं बटण एका पोराच्या नाकात गेलं होतं, तेव्हापासून बाई नियमाच्या बाबतीत पोलादी झाल्या होत्या. भाऊ कपाटावर गेला, फौजदाराने टाहो फोडला, तिचं बघून बाकीच्यांनी फोडला, आणि लेकीला नव्या नोकरीतून पहिल्याच दिवशी अर्ध्यातून उठून यावं लागलं.

संध्याकाळी ती डोळे लाल करून बसली होती. "आई, साहेबांनी स्पष्ट सांगितलंय. उद्या पुन्हा अशी उठून गेले तर परत येऊ नका म्हणाले. तू तो ससा राहू दे घरी. आपण दुकानातला आणू."

"आणि त्या दुकानातल्याच्या पोटात आई मावेल?" ही म्हणाली.

"अगं, पण लेबल…"

"लेबलच हवंय ना त्यांना? देते की!"

तिने पँटचं उरलेलं कलेवर बाहेर काढलं, कमरेच्या आतलं लेबल कापलं आणि भाऊच्या बुडाला चारही कडांनी पक्कं शिवलं.

"अगं, त्याच्यावर काय लिहिलंय ते तरी वाच," मी म्हणालो.

"लेबल आहे ना? वाचायचं काम त्यांचं."

दुसऱ्या दिवशी फौजदाराला घेऊन आम्ही दोघं गेलो. पाळणाघर म्हणजे एक लांब खोली, भिंतीवर मुळाक्षरांचे तक्ते, बुटकी पिवळी टेबलं आणि त्यांच्याभोवती दोन बाजूंना हात असलेल्या इवल्या इवल्या खुर्च्या. मुख्य बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी भाऊला उलटा केला, चष्मा सारखा केला आणि वाचलं.

"'कंबर चाळीस. उलटं करून धुवा.'" त्यांनी हिच्याकडे बघितलं. "आजी, सशाची कंबर चाळीस?"

"वाढत्या अंगाचा घेतलाय," ही म्हणाली.

मी मुळाक्षरांचा तक्ता वाचू लागलो.

"हे पँटचं लेबल आहे."

"तुम्ही लेबल म्हणालात. कशाचं ते कुठं म्हणालात?"

"आणि ही झिप? मुलांचं काही अडकलं म्हणजे?"

"ह्यांनी वर्षानुवर्षं वापरलीय. काही अडकलं नाही."

माझा तक्ता 'ज्ञ'पर्यंत वाचून संपला होता. मी पुन्हा 'अ'पासून सुरू केला.

"सॉरी आजी," बाई म्हणाल्या आणि त्यांनी भाऊला कपाटावर ठेवलं. फौजदाराने श्वास आत घेतला. तिचा श्वास आत जातो तेव्हा आमच्या घरात आम्ही खिडक्या लावतो. मग तो बाहेर आला. कोपऱ्यातली दोन जुळी मुलं का कोण जाणे लगेच सामील झाली. त्यांच्यामागून बाकीची.

बाईंनी फोन उचलला. "मी मुलीच्या आईला बोलावते."

"बोलवायचं नाही," ही म्हणाली. "तिला बोलावलंत तर तिची नोकरी जाईल. एका लेबलापायी माझ्या लेकीची नोकरी मी जाऊ देणार नाही. फोन करायचाच असेल तर मला करा. मी इथेच आहे, लगेच उचलते."

आणि ती जवळच्या इवल्या खुर्चीत जाऊन बसली. बसताना खुर्चीच्या दोन्ही हातांनी थोडा विरोध केला, पण हिच्यापुढे आजवर कुणाचा टिकलाय?

"आजी, ती मुलांची खुर्ची आहे."

"मीही कुणाची तरी मुलगीच आहे."

"तुम्ही असं इथे बसून राहू शकत नाही!"

"बघा हं, कशी राहते ते."

"आजोबा, तुम्ही तरी सांगा ना यांना," बाई माझ्याकडे वळल्या.

"मी सांगत आलोय," मी म्हणालो. "माझ्या पँटचं काय झालं ते समोर कपाटावर बसलंय."

खोलीत आता असा कल्लोळ होता की एकमेकांचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागत होतं. सांभाळणाऱ्या मावशी दोघांना काखेत आणि एकाला पायाशी घेऊन गोल गोल फिरत होत्या. "बाई, द्या हो तो ससा," त्या ओरडल्या, "नाहीतर मला पण रडू येईल!" ही मात्र पाठ ताठ ठेवून, मांडीवर पिशवी घेऊन बसलेली. चेहऱ्यावर असा भाव, की समोर फौज उभी केलीत तरी मी आधी तिच्या गणवेशाची शिलाई तपासीन.

बाई काही वाईट नव्हत्या. वाईट माणूस एवढा वेळ फोन हातात धरून न लावता उभा राहत नाही. त्यांनी शेवटी भाऊला खाली घेतलं. कान ओढून पाहिले. निघाले नाहीत. डोळे नखाने खरवडून पाहिले. निघायला ते बटण नव्हतंच. मग त्यांनी झिप उघडली, दोन बोटं आत घातली, आणि चुरगळलेला हातरुमाल बाहेर काढला.

"हे काय आहे?"

फौजदाराचं रडणं नळ बंद करावा तसं थांबलं. अज्ञानी माणसाकडे बघावं तसं तिने बाईंकडे बघितलं.

"आई," ती म्हणाली. "आत ठेव. झिप लाव. तिला थंडी वाजते."

ती गप्प झाली तशी जुळी गप्प झाली, आणि त्यांच्यामागून एकेक करून बाकीची. बाईंनी तो रुमाल टेबलावर पसरला. मग त्यांनी त्याची नीट घडी केली, आत ठेवली, आणि कुठे अडकू नये म्हणून कापूस बोटाने आत दाबत हळूहळू झिप लावली. मग पुन्हा एकदा लेबल वाचलं. या खेपेला बराच वेळ.

"हे खेळणं नाहीच," त्या अखेर गंभीर आवाजात म्हणाल्या.

"म्हणजे?" ही खुर्चीतूनच गुरगुरली.

"कापड पँटचं आहे. झिप पँटची आहे. लेबलवर कंबर लिहिली आहे. माझ्या दृष्टीने ही पँट आहे. आणि प्रत्येक मुलाचा एक जादा कपडा इथे ठेवलाच पाहिजे असा आमचा नियम आहे. तो जादा कपडा मुलाने जवळ घेऊन झोपू नये, असा नियम नाही."

मी मनातल्या मनात या बाईंना नमस्कार केला. इतकी सुंदर पळवाट मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. पण इकडे हिचा चेहरा लाल होत चालला होता.

"पँट?" ही म्हणाली. "माझ्या सशाला पँट म्हणता?"

"अगं," मी म्हणालो.

"तुम्ही थांबा. बाई, बोटं फुटेस्तोवर शिवलाय मी तो. पँटला कान असतात?"

"आजी, मी मार्ग काढतेय."

"असला मार्ग नको मला. ससा म्हणून आत जाईल, नाहीतर मी इथून उठणार नाही. आज नाही, उद्या नाही, आणि तुमच्या या पोरांची लग्नं होईपर्यंत नाही."

एव्हाना बाईंनी भाऊ फौजदाराच्या हातात दिला होता, आणि ती गादीवर आडवी होऊन त्याच्या लोळत्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती. जुळ्यांपैकी एक रांगत जवळ आला, त्याने हळूच भाऊच्या पायाला हात लावून पाहिला.

"भाऊ आहे," फौजदार त्याला म्हणाली. "झिपला हात नाही लावायचा. आई झोपलीय."

हिने ते पाहिलं. हिचा खालचा ओठ जरासा हलला. ज्याला इतरांच्या बाबतीत रडू येणं म्हणतात, त्याला हिच्या बाबतीत अशी थोडीशी माघार म्हणतात.

"कागदोपत्री पँट," ही म्हणाली. "तोंडाने ससा. तुम्हीसुद्धा."

"कागदोपत्री पँट, तोंडाने ससा," बाई म्हणाल्या. "मान्य."

"आणि दुपारी माझ्या लेकीला फोन जाणार नाही."

"नाही जाणार."

मावशींनी टाळी वाजवली. विजय पूर्ण होता. आता हिने उठावं, पदर खोचावा आणि ताठ मानेने दाराबाहेर पडावं, म्हणून आम्ही सगळे आदराने बाजूला झालो. ही उठली नाही. नजर समोर, मान ताठ, पिशवी मांडीवर.

बाईंच्या चेहऱ्यावर पुन्हा धास्ती आली. "आजी, अजून काही राहिलं का?"

हिने मला डोळ्यांनी जवळ बोलावलं. मी वाकलो.

"अहो," ही अगदी हळू आवाजात म्हणाली, "जरा हात द्या. खुर्ची पण येतेय सोबत."