मालकासाठी राखून ठेवलेला सोफा

गल्फ डाऊज हा दुबईतला बेसबॉलचा संघ कुणीतरी विकत घेतंय, हे पहिल्यांदा कोण बोललं ते कुणालाच सांगता आलं नसतं. कोण विकत घेतंय ते मात्र प्रत्येकाला ठाऊक होतं. कॅन्टीनवाल्यांच्या मते तो मुंबईचा बिल्डर होता. बस चालवणारे छातीठोकपणे सांगायचे की अमेरिकेतला तेलवाला आहे. खेळाडूंमध्ये अशी कुजबुज होती की आफ्रिकेत हिऱ्यांचा धंदा असलेला एक म्हातारा आहे, त्याला मूलबाळ नाही, म्हणून तो संघच दत्तक घेतोय. एवढी माहिती स्वतः त्या मालकालाही आपल्याबद्दल नसेल.

पामेला डिमेलोला यातल्या कशाशीच देणंघेणं नव्हतं. संघ तेलवाल्याकडे जावो नाहीतर तेल्याकडे, तिला हवा होता तो तिसऱ्या बेसमागचा कोपरा. तिथे दुपारभर ऊन यायचं, त्यामुळे तिकीट काढून कुणी बसत नसे. त्या कोपऱ्यात तिचा बँड वाजायचा, आणि अख्ख्या दुबईत तो बँड वाजू शकेल अशी दुसरी जागा नव्हती.

वसईच्या माणसाला बँड लागतोच. लग्नाला लागतो, सणाला लागतो, आणि माणूस गेला तर त्याला पोचवायलाही लागतो. पामेलाचे वडील नंदाखाल गावच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचे. त्यांच्यामागे तो ढोल कुणी उचलावा यावर दोघे भाऊ एकमेकांची तोंडं बघत बसले, तेव्हा पामेलाने तो गळ्यात अडकवला आणि पुढे विमानातून दुबईला आणला. नवरा मॉरिस ट्रम्पेट वाजवतो. बहिणीचा मुलगा डेन्झिल सॅक्सोफोन फुंकतो. ताशाला गुहागरचा विघ्नेश आहे. त्याने शिमग्यात हात साफ केलेला, आणि एरवी तो वर्कशॉपमध्ये लोखंड जोडतो. असा हा चौघांचा संसार.

पण वाजवायचं कुठे? डिस्कव्हरी गार्डन्समधल्या फ्लॅटमध्ये मॉरिसने पहिल्यांदा ट्रम्पेट तोंडाला लावला आणि चाल अर्ध्यावर यायच्या आत वॉचमन दारात हजर झाला. पार्किंगमध्ये गेले तर गाड्यांचे अलार्म कोकलायला लागले. समुद्रावर परवानगी लागते म्हणाले. मग डेन्झिल एकदा कंपनीच्या फुकट पासवर बेसबॉल बघायला गेला. हमरिया फ्री झोनमधल्या त्याच्या ऑफिसात ते पास कुणी घेतच नसे. मैदान शहराबाहेर वाळूत, आणि प्रेक्षक इतके थोडे की चेंडू टाकणारा पिचर शिंकला तर शेवटच्या रांगेतून ‘गॉड ब्लेस यू’ म्हणता यावं. संघाचा मॅनेजर हेमचंद्र साठ्ये, पुण्याचा, तेव्हा मेटाकुटीला आला होता. तो म्हणाला, मॅच चालू असताना या आणि हवं तेवढं वाजवा, निदान मैदान भरल्यासारखं वाटेल.

तेव्हापासून बँड तिथला झाला. बेसबॉलमध्ये सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळे प्रेक्षक उठून हातपाय मोकळे करतात, ही त्या खेळाची जुनी रीत. त्या वेळी पामेलाचा बँड वसईतली लग्नाची चाल धरायचा. मग फिलिपिनो नर्सेस, जपानी इंजिनियर, पेशावरचे ड्रायव्हर, सगळे नवऱ्याकडचे असल्यासारखे नाचायचे. लोक त्या नाचासाठी तिकिटं काढायला लागले होते, पण हे हेमचंद्रच्या ध्यानात यायला कुणीतरी मोठ्या माणसाने त्याला सांगायला हवं होतं.

आणि मोठा माणूस तर अजून अफवेतच होता. तरी हेमचंद्रने त्याच्यापुढे वाकायला सुरुवात केली. साहेबांना पांढरा रंग आवडतो असं कुणीसं म्हणालं, तर त्याने व्हीआयपी सज्जा पांढरा करून घेतला. साहेबांना पाठीचं दुखणं आहे असं कळलं, तर एक भलाथोरला पांढरा सोफा आणून मधोमध ठेवला. आठ हजार दिरहमचा सोफा, म्हणजे जवळजवळ दोन लाखांचा, असं कॅन्टीनवाला डोळे मोठे करून सांगत होता. त्यावर बसायची कुणाला परवानगी नव्हती. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातला हा प्रकार.

मग एका संध्याकाळी हेमचंद्रने पामेला आणि मॉरिसला ऑफिसात बोलावलं. चहा मागवला, तेव्हाच पामेलाला संशय आला, कारण त्या ऑफिसात चहा फक्त वाईट बातमीबरोबर मिळत असे. येत्या शनिवारपासून बँड नको, तो म्हणाला. पासही परत करा. साहेबांना ब्रास बँडचा त्रास होतो.

“कोण म्हणालं?” पामेलाने विचारलं.

हेमचंद्रने आवाज खाली आणला. त्याला तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून खबर होती. साहेब मागच्या महिन्यात एका हॉटेलात लग्नाला आले होते. बँड वाजायला लागला तसं त्यांनी कपाळ धरलं आणि स्टाफला सांगून बँड बंद करवला. पांढरा सूट होता अंगात. घड्याळ एवढं भारी की ते दिसू नये म्हणून बाही सारखी खाली ओढत होते.

पामेलाच्या हातातला कप तसाच राहिला. ती बाही तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. पामेला त्याच हॉटेलात बँक्वेट सुपरवायझर आहे. लग्नात कपाळ धरलेला तो माणूस तिच्याकडेच आला होता, आणि बँड तिनेच थांबवला होता. दुसऱ्या दिवशी मैदानातल्या कोपऱ्यात तिने त्याची नक्कल करून सगळ्यांना हसवलं होतं. बाही ओढून दाखवली तेव्हा डेन्झिल तर खुर्चीवरून पडायचा बाकी होता. तिच्या तोंडून निघालेली गंमत गावभर हिंडून, साहेब होऊन, तिच्याच बँडच्या मुळावर आली होती.

तिने सरळ सांगून टाकलं. साठ्ये, ही गोष्ट माझी आहे. तो माणूस नवरीचा मामा होता, दातांचा डॉक्टर, कोल्हापूरचा. त्याला अर्धशिशी होती, मी त्याला गोळी आणून दिली. बेसबॉलचं नावही त्याने काढलं नाही.

हेमचंद्र समजूतदारपणे हसला. त्या हसण्याने पामेलाचं डोकं फिरलं. “मॅडम, तुम्ही पाहिलेला माणूस वेगळा असेल,” तो म्हणाला. “मला तीन जणांनी सांगितलंय.”

“त्या तिघांना डेन्झिलने सांगितलंय. डेन्झिलला मी सांगितलंय. मला कुणी सांगायचं, आता तुम्ही?”

तो काही ऐकेना. खरं बोलणारी एकटी आणि अफवा बोलणारे तिघे, मोजणी त्याच्या बाजूने होती. पामेला उठली. “साठ्ये, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. मालक माझ्यासमोर आणा, तो ‘नको’ म्हणू दे, मी ढोल गुंडाळून घरी जाते. ज्याला कुणी बघितलं नाही त्याचा हुकूम मी मानायची नाही.” पास टेबलावर ठेवून ती निघाली.

घरी डेन्झिल मान खाली घालून बसला होता. त्याने नुसतं संघाचं सामान सांभाळणाऱ्या किटवाल्याला म्हटलं होतं की माझ्या मावशीने एक बडी असामी पाहिली. ती असामी म्हणजे नवा मालक, हे किटवाल्याने लावलं, आणि डेन्झिलने नाही म्हटलं नाही, कारण नाही म्हणाल्यावर ऐकणारा उठून जातो. सॉरी मावशी, तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मॉरिसचं म्हणणं, परमुलूख आहे, कुणाशी भांडून चालत नाही, नोकरी आहे, व्हिसा आहे, सोडून दे. मॉरिस भला माणूस आहे, पण ट्रम्पेट सोडला तर त्याचा आवाज कुठेच चढत नाही.

पामेला चिडली नाही. तिने त्याला फक्त एवढंच विचारलं, मग आपण वाजवायचं कुठे, सांग. बाथरूममध्ये? ट्रम्पेट कपाटात गेला की पुन्हा बाहेर येत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. ओळखीतले किती गिटार आणि किती व्हायोलिनं अशी सूटकेसांमागे उभी होती. आपलाही ढोल तिथे जाऊन बसायला वेळ लागणार नव्हता.

“शनिवारी जायचं,” ती म्हणाली. “आत नको म्हणाले ना? बाहेरची वाळू साठ्येच्या बापाची नाही.”

शनिवारी दुपारी मैदानात मॅच चालू होती आणि चौघे भिंतीबाहेर, पार्किंगच्या पलीकडे उभे होते. आत साहेबांच्या आवडीचं म्हणून पियानोचं मंद संगीत लावलं होतं, दाताच्या दवाखान्यात लावतात तसलं. पामेलाला त्याही परिस्थितीत हसू आलं. सातव्या इनिंगचा मध्य झाला. लोक उठून उभे राहिल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही. कुणाला नाचता येईना.

पामेलाने ढोलावर ठोका घातला.

विघ्नेशच्या ताशाने तो उचलला, मॉरिसने चाल धरली, सॅक्सोफोन त्यात मिसळला. आतून एक शिट्टी आली, मग दुसरी. भिंतीवरून डोकी डोकावली. आणि मग मॉरिस वाजवता वाजवता चालायला लागला. मॉरिस! पामेलाला वाटलं, हा चुकून पुढे गेला. पण तो सरळ गेटकडे निघाला होता.

नंदाखालच्या बँडचा एक नेम होता. लग्नाची चाल चर्चच्या दारात सुरू झाली की घराच्या दारात थांबवायची, मध्ये नाही. रस्त्यात सोडलेली चाल नवरानवरीला लाभत नाही म्हणतात. एकदा अरुंद गल्लीत समोरून एसटी आली तर पामेलाचे वडील थांबले नव्हते. ते वाजवत राहिले आणि शेवटी ड्रायव्हरने एसटी मागे घेतली. मॉरिस त्या मिरवणुकीत होता, पोरसवदा वयाचा. सासऱ्याचा नेम त्याने लक्षात ठेवला होता.

गेटवर उझमा होती, मुलतानची, सिक्युरिटीच्या गणवेशात. पूर्वी नाच सुरू झाला की हिचा पाय बुटाच्या आत ताल धरायचा, ते पामेलाने कितीदा पाहिलं होतं. लवकर निघणाऱ्यांसाठी सातव्या इनिंगला गेट उघडायचं असतं, तसं तिने उघडलं होतं. बँड समोर आला तशी तिने कमरेवरच्या वॉकीटॉकीकडे पाहिलं आणि पामेलाकडे पाहिलं.

“मुझे गेट खोलने का ऑर्डर है,” ती म्हणाली. “बंद करने का कोई बोलेगा तो करूंगी. यल्ला, चलो, रुकना मत आंटी.”

बँड आत शिरला तसं मैदान उसळलं. रांगांमधून वाट होत गेली आणि माणसं मागून सामील होत गेली. डाऊजचा कॅचर मुखवटा डोक्यावर सारून टाळ्या वाजवत होता. तिसऱ्या बेसमागचा जुना कोपरा आला, तिथे मॉरिसने वळून पामेलाकडे पाहिलं, थांबायचं का म्हणून. पामेलाने मानेनेच नाही म्हटलं. हे आपलं दार नव्हे. दार वर आहे.

पांढऱ्या सज्ज्याच्या पायऱ्यांवर हेमचंद्र दोन्ही हात पसरून उभा होता. चेहरा घामाने डबडबलेला. मॅडम प्लीज, साहेब आज येणार आहेत, कधीही येतील, असं तो सांगत होता, आणि ढोलापुढे त्याचं कुणाला ऐकू जात नव्हतं. पामेला एकेक पायरी चढत गेली. हेमचंद्र एकेक पायरी मागे सरकत गेला, त्या एसटीसारखा. शेवटी त्याची पोटरी सोफ्याला लागली आणि तो दचकून बाजूला झाला, कारण सोफ्याला धक्का लागून चालणार नव्हतं.

सोफ्यासमोर पामेलाने हात वर केला. चाल पुरी झाली होती. बँड थांबला.

कॅमेरावाल्याने तोवर सगळं मोठ्या पडद्यावर घेतलं होतं. अख्खं मैदान बघत होतं. ढोल गळ्यात घेतलेली एक घामाघूम बाई, आणि समोर रिकामा पांढरा सोफा, ज्याचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं.

पामेला जरा वाकली आणि सगळ्यांना समजेल अशा हिंदीत, अगदी अदबीने, सोफ्याला विचारलं, “सर, हमारे बँड से आपको कुछ तकलीफ है?”

ती थांबली. घाई नव्हती तिला. पियानो कुणीतरी कधीच बंद केला होता. हेमचंद्रही सोफ्याकडे बघत होता, उत्तर येईल अशा आशेने, आणि आपण काय करतोय हे लक्षात आल्यावर त्याने मान खाली घातली.

मग पामेला सरळ उभी राहिली. “साठ्ये, साहेब काही बोलत नाहीत,” ती म्हणाली. “म्हणजे त्यांची हरकत नाही.”

तिने ढोलाचा पट्टा खांद्यावर नीट केला आणि नवऱ्याकडे वळली.

“मॉरिस, पहिल्यापासून घे.”