विकासस्तंभ बोटभर वर आला

"आला! आला! आज पुन्हा बोटभर वर आला!"

सकाळी तिठ्यावर ही आरोळी उठली की माझा दवाखाना रिकामा होई. मी दातांचा डॉक्टर. दाढेत कापूस धरलेला पेशंट गळ्यातला कागदी रुमालही न काढता खुर्चीवरून उठे आणि धावत सुटे. मागोमाग हातमोजे काढत मीही जाई. रिकाम्या खुर्चीत बसून कुणाचे दात कोरणार?

आमच्याकडे तीन गावांचे रस्ते ज्या तिठ्यावर मिळतात, तिथे विटांच्या चौथऱ्यात 'विकासस्तंभ' उभा होता. सोनेरी, माणसाएवढा आणि आपोआप वाढणारा. तिन्ही गावांचे लोक रोज बादल्या घेऊन येत, स्तंभाच्या बुडाशी पाणी ओतत आणि हात जोडून थांबत. मग शिंपी टेप लावून उंची मोजे, आणि खरोखरच स्तंभ वाढलेला असे! लोक एकमेकांना मिठ्या मारत. न्हाव्याने तर आनंदाच्या भरात दुकानावर पाटी लावली, 'येथे वाढ कधीच थांबत नाही'. न्हाव्याच्या दुकानावरची ही पाटी कुणालाही विचित्र वाटली नाही, यावरून गावाच्या डोक्याची अवस्था ओळखावी.

मला मात्र पहिल्या दिवसापासून खटकत होतं. खालून वर येणाऱ्या गोष्टींशी माझा रोजचा संबंध. अक्कलदाढ वर येते तेव्हा माणूस रात्रभर कण्हतो. इथे एवढा मोठा खांब वर येत होता आणि कुणाचं काहीच दुखत नव्हतं. म्हणजे अकलेचा संबंध नसावा, एवढं नक्की.

आता आधी हा खांब आला कुठून ते सांगतो. आमची तीन गावं मिळून एकच वस्तू करतात, रंगाऱ्याचा ब्रश. एका गावात लाकडी दांडे होतात, दुसऱ्या गावात पत्र्याची कडी होतात, आणि आमच्या गावात कड्यात केस बसवून ब्रश पुरा होतो. भांडणही तिघांचं एकच. दमट हवेत दांडा फुगतो, दांडा फुगला की कडं तडकतं, कडं तडकलं की केस गळतात आणि रंगवलेल्या भिंतीला दाढी येते. कडीवाले म्हणत, "तुमचा दांडा ओला." दांडेवाले म्हणत, "तुमचं कडं लेचंपेचं." आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या खायला आम्ही केसवाले. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलायचं कुणाला?

भांडून भांडून दमल्यावर तिघांनी एक भागीदारी मंडळ काढलं. लाकूड वाळवायची एक सामायिक भट्टी उभारायची, म्हणजे दांडे फुगणार नाहीत आणि तिन्ही गावांचा धंदा वाढेल, असं ठरलं. सरकारी मदतही मंजूर झाली. यासाठी सगळ्यात जास्त चपला झिजवल्या त्या माझ्या ताईने. ब्रशचा कारखाना तिचा. तिच्या सगळ्यात मोठ्या व्यापाऱ्याने तिला निर्वाणीचं सांगितलं होतं, पुढचा माल फुगला तर पुन्हा तोंड दाखवू नका. तो व्यापारी गेला असता तर कारखान्याला टाळं, आणि तिच्या हाताखालच्या बायका घरी. भट्टीवर ताईचा जीव टांगलेला होता.

तेवढ्यात वृद्धीमहाराज अवतरले.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे दांड्यांच्या गावातले मोठे कारखानदार. त्यांनी महाराजांना कुठल्याशा उद्योग परिषदेतून उचलून आणलं होतं. वर कोट-टाय, खाली अनवाणी पाय. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "डोकं बाजारात हवं, पाय मातीत!" त्यांचं पहिलं प्रवचन मी स्वतः ऐकलं.

"माझ्या भागीदारांनो! विकास वरून पडत नाही. विकास खालून वर येतो! बी कुठून येतं? खालून! पाणी कुठून येतं? खालून! तुमचा धंदा कुठे आहे?"

"खाली!" गर्दी ओरडली.

"मग तो कुठून येणार?"

"खालून!"

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. चार दिवसांत चौथरा बांधून झाला आणि त्यात स्तंभ बसला. स्तंभाचा पत्रा कडीवाल्यांनी वाकवून दिला. सोनेरी रंग ताईच्या कारखान्यातल्या ब्रशांनी लागला. चौथऱ्याच्या पोटात काय घातलं ते मात्र महाराजांनी पडदा लावून, एकट्याने घातलं. नियम एकच, तिन्ही गावांनी रोज पाणी घालायचं. "कोण किती ओततो ते पाहू नका. कोण ओतत नाही तेवढं पाहा!"

मग काय, कोण मागे राहतो? कडीवाल्यांच्या गावचे एक गृहस्थ मंडळाचे सचिव होते. ते आधी बादली आणत, मग पिंप, मग चक्क टाकी लावलेली हातगाडी. त्यांच्या बाजूने पाण्याचा असा मारा झाला की स्तंभ एका सकाळी तिरका झालेला दिसला, आणि तोही आमच्या गावाकडे!

सचिव खवळले. "महाराज, हा काय न्याय? पाणी आमचं आणि झुकतो केसवाल्यांकडे?"

महाराजांनी डोळे मिटले. "देणाऱ्याला विकास पाठ दाखवतो, बाळ. पाठ त्यालाच दाखवतात, ज्याच्यावर विश्वास असतो."

सचिवांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन टाक्या आणल्या. स्तंभ आणखी झुकला, आणि 'झुकाव समन्वय उपसमिती' नेमली गेली. उपसमितीने स्वतःही थोडं झुकून उभं राहावं असा ठराव केला, म्हणजे स्तंभ सरळ दिसेल. मी या डोळ्यांनी पाहिलंय, उपसमितीचे सगळे सभासद तिठ्यावर तिरके उभे राहून समाधानाने माना डोलवत होते.

इथवर मला हसू येत होतं. मग मंडळाच्या सभेची विषयपत्रिका आली. विषय पहिला आणि शेवटचा: भट्टीसाठी आलेली मदत आणखी दोन स्तंभांसाठी महाराजांच्या हाती देणे.

त्या दुपारी ताई दवाखान्यात आली. हातात परत आलेला एक ब्रश, दांडा फुगलेला, कडं तडकलेलं. ती पेशंटच्या खुर्चीत येऊन बसली.

"व्यापाऱ्याने पाठवला," ती म्हणाली. "शेवटचा इशारा आहे म्हणे. आणि इकडे भट्टी चालली खांबात. अरे, मी बायकांना काय सांगू? खांब वाढतोय, पगार मागू नका?"

तिने ब्रश नाकाशी नेला आणि एकदम ताठ झाली. "डॉक्टर, हा वास घे."

"ओल्या लाकडाचा आहे. मग?"

"तिठ्यावर पाणी घालताना रोज हाच वास येतो. तुझा तो लांब दांडीचा आरसा कुठाय, दात बघायचा? ऊठ."

भर दुपारी तिठ्यावर चिटपाखरू नव्हतं. फक्त मंडळाचा राखणदार सावलीत बसला होता. ताई पहारा देत उभी राहिली, मी पोटावर आडवा झालो आणि स्तंभाच्या बुडाच्या फटीत आरसा सरकवला.

"काय चाललंय, डॉक्टर?" राखणदाराने विचारलं.

"तपासतोय. मुळाशी सूज दिसते."

"बरं बरं," तो म्हणाला, जवळ आला आणि त्याने विश्वासाने स्वतःचा जबडा उघडला. त्याची दाढ बघून त्याला वाटेला लावलं. मग मी दात कोरायची आकडी फटीत घातली. बाहेर आला ओला, तट्ट फुगलेला, पिवळा लाकडाचा भुसा.

दांड्यांच्या गावात दांडे तासून उरलेला भुसा यंत्रात दाबून त्याच्या करंगळीएवढ्या कांड्या करतात. शेगडीत जाळायला त्या बऱ्या पडतात. कोरड्या असताना दगडासारख्या कडक असतात. पाणी लागलं की तिपटीने फुगतात. ताईने तो भुसा तळहातावर घेतला आणि मग ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

सभेला तिन्ही गावं लोटली होती. व्यासपीठावर महाराज, शेजारी अध्यक्ष आणि सचिव. ताई मंडळाची सभासद, म्हणून तिला दोन मिनिटं मिळाली. तिने टेबलावर स्टीलचा एक उभट डबा ठेवला. डब्यात तळाला कांड्या होत्या, ते कुणाला दिसत नव्हतं. त्यांच्यावर मी माझ्या दवाखान्यातला प्लास्टरचा जबडा ठेवला, वरचे-खालचे सगळे दात असलेला. तो डब्याच्या काठाखाली पुरता दिसेनासा झाला.

"अध्यक्षसाहेब, यात एक तांब्या कोमट पाणी घाला आणि तुमचं भाषण करा," ताई म्हणाली.

अध्यक्षांना भाषण म्हटलं की दुसरं काही विचारायचं नसतं. त्यांनी पाणी ओतलं आणि 'समन्वयातून समृद्धीकडे' निघाले. ते अजून समन्वयातच होते, तोवर डब्याच्या काठावर पुढचे दात दिसू लागले.

"आला!" कुणीतरी किंचाळलं.

जबडा सावकाश वर येत होता, सगळ्या सभेकडे बघून दात विचकत. मला वाटलं होतं लोक हसतील. कसलं काय! पहिल्या रांगेने हात जोडले. सचिवांनी बूट काढले. मागून एक म्हातारा ओरडला, "दंतदेव प्रगटले!" आणि दोघेतिघे पाण्याचे तांबे घेऊन पुढे सरसावले.

"खबरदार!" ताईने टेबलावर हात आपटला. तिने जबडा उचलून बाजूला ठेवला आणि डबा उपडा केला. फुगलेल्या भुशाचा गोळा थपकन अध्यक्षांच्या भाषणावर पडला.

अध्यक्षांनी चिमूटभर भुसा उचलून वास घेतला. त्यांचा चेहरा पडला. "या तर आमच्या कांड्या. महाराज, पाया शुद्ध करायला म्हणून पोती नेली होती ती..."

"भागीदारांनो, विकास ओलसरच असतो..." महाराजांनी सुरुवात केली.

पुढचं कुणी ऐकलं नाही. सगळी सभा तिठ्यावर गेली. पहार घालून चौथऱ्याची एक बाजू पाडली, तसा भुशाचा लोंढा बाहेर आला आणि पोकळ पत्र्याचा विकास ठणठण करत रस्त्यावर आडवा झाला. सचिवांच्या बाजूला भुसा सगळ्यात जास्त फुगला होता. ती बाजू उचलली गेली म्हणून खांब आमच्याकडे कलंडला होता, पाठ दाखवण्याचं रहस्य एवढंच. उपसमिती मात्र सवयीने अजून तिरकीच उभी होती. महाराज निघायच्या बेतात होते, पण राखणदाराने त्यांना कोटाला धरून बसवलं आणि पोलीस येईपर्यंत सोडलं नाही.

ताई पडलेल्या चौथऱ्यावर चढली. "ज्याला ओलं लाकूड फुगतं हे माहीत नव्हतं, त्याने हात वर करा."

एकही हात वर आला नाही. येणार कसा? याच गोष्टीवरून तीन गावं जन्मभर भांडली होती.

"मग भट्टी ज्याला हवी आहे, त्याने हात वर करा."

दांडेवाले, कडीवाले, केसवाले, सगळ्यांचे हात वर गेले. सचिवांनी तर दोन्ही केले. ताईला रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही.

मी एवढंच सांगतो. आमच्यापैकी कुणीही अडाणी नव्हतं. जे हातांना रोज कळत होतं, ते गर्दीत उभं राहिल्यावर डोक्याला विचारायची आम्हाला लाज वाटली, आणि ठग नेमका त्या लाजेवर पोट भरतो. तीन गावं रोज एका ठिकाणी जमली हे चांगलंच झालं. जमा, भांडा, धंदा वाढवा. पण उद्या कुणी तुमच्यासमोर काही वर आणून दाखवलं, तर हात जोडण्याआधी विचारा, याला खालून ढकलतंय कोण? आणि वाकायचंच असेल, तर खाली बघायला वाका.