मापाचं पाणी

हजेरीपटावर माझं नाव वेगळं आहे, पण पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मला सगळे पिसूमामा म्हणतात. मी पाणपिसवा पाळतो. लोकांना हसू येतं. येऊ दे. माझी जनावरं कमी खातात आणि लाथा मारत नाहीत. मोहरीच्या दाण्याएवढा जीव, काचेसारखा आरपार; भिंगाखाली धरला की आतलं हृदय धडधडताना दिसतं. कुठल्या कारखान्याचं सांडपाणी तळ्यात सोडायचं आणि कुठल्याचं नाही, हे आमच्याकडे याच पिसवा ठरवतात. एका बीकरमध्ये वीस पिल्लं सोडायची, त्यात ते सांडपाणी ठरल्या प्रमाणात घालायचं आणि दोन दिवसांनी किती हलताहेत ते मोजायचं.

हे सगळं मापाच्या पाण्यात करायचं, असा नियम आहे. मापाचं पाणी म्हणजे शुद्ध केलेल्या पाण्यात चार क्षार तोलून घातलेले, बाकी काही नाही. माझं पाप इथेच सुरू झालं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी पिसवा त्या पाण्यात माना टाकायला लागल्या. मी नवा, नोकरी जाईल म्हणून पाचावर धारण बसलेली. एका सकाळी सायकलला कॅन अडकवून तळ्यावर गेलो, पाणी आणलं, फडक्यातून गाळलं आणि त्यांना दिलं. आठवड्यात बरण्या पिल्लांनी भरल्या. तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं रोज दोन कॅन. पिसवांच्या बरण्यांतही तेच आणि चाचणीच्या मोठ्या टाकीतही तेच. वहीत मात्र रोज माझ्या सहीने ‘मापाचं पाणी’. दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळा माझ्या पिसवा मागून न्यायच्या. ‘मामा, तुमच्या हाताला गुण आहे,’ म्हणायच्या. मी मान खाली घालून हसायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

निवृत्तीला सहा आठवडे उरले होते तेव्हा मोज्यांच्या कारखान्याचा अर्ज आला. पायांना वास येऊ न देणारे मोजे. त्यांच्या धाग्यावर चांदीचे कण बसवतात, इतके बारीक की आमच्या भिंगालाही दिसत नाहीत. धुताना थोडे सुटतात आणि सांडपाण्यात जातात. कारखान्याच्या स्वतःच्या अहवालात लिहिलं होतं, एवढ्या चांदीने एकही पिसू मरत नाही.

चाचणी बाईंनी केली. बाई सहा महिन्यांपूर्वी आलेल्या, अजून कायम झालेल्या नव्हत्या. बरणीला, झाकणाला, झाकणाच्या डब्यालासुद्धा चिठ्ठी लावतील अशा काटेकोर. दोन दिवसांनी त्यांनी भिंगातून मान वर केली.

“मामा, वीसच्या वीस गेल्या.”

“आणि चांदी न घातलेल्या?”

“त्या मजेत आहेत.”

साहेबांनी कारखान्याचा अहवाल पाहिला, आमचा पाहिला आणि मला बोलावलं.

“बीकरला साबण राहिलाय, मामा. आता वय झालं तुमचं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “साहेब, माझ्या बीकरमधून तुम्ही चहा प्या. मी धुतो तशी तुमच्या घरची कपबशी धुतली जात नसेल!”

हे बोलायला नको होतं, पण बोललो. साहेबांनी कोरे बीकर मागवले आणि मापाचं पाणी बाईंना स्वतःसमोर बनवायला लावलं. पुन्हा तीच चांदी, पुन्हा दोन दिवस. वीसच्या वीस जिवंत. 

“झालं समाधान?” साहेब म्हणाले. कारखान्याच्या परवान्यावर शुक्रवारी सही होणार होती. बाईंना त्यांनी सांगितलं, धुतलेलं भांडं न तपासता जी चाचणी लावते तिला कायम करण्याची शिफारस मी कशी करू? बाईंनी एका शब्दाने माझं नाव घेतलं नाही. आपल्या टेबलावरच्या चिठ्ठ्या गोळा करून त्या एकसारख्या लावत बसल्या. तेच मला जास्त लागलं.

मला कळलं होतं. बीकर बदलले तसं पाणीही बदललं होतं, आणि पहिलं पाणी कुठलं होतं हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती शर्टाला बटण लावत होती.

“तुम्ही खरं सांगितलंत तर काय होईल?”

“अठ्ठावीस वर्षांच्या सह्या खोट्या ठरतील. निरोपाचा समारंभ जाईल.”

“तुम्हाला भाषण करायचं होतं का?”

“छे!”

“मग?” तिने दाताने दोरा तोडला.

तिला हे सोपं होतं. मला नव्हतं. आयुष्यात मला एकच गोष्ट चांगली येते असं मी मानत आलो, आणि ती मला येत नव्हतीच. येत होती ती तळ्याला.

गुरुवारी सकाळी दोन्ही कॅन मी साहेबांच्या टेबलावर ठेवले. पाणी त्यांच्या कागदांवर सांडलं. मी सगळं बोललो. साहेब आधी लाल झाले, मग पांढरे.

“अठ्ठावीस वर्षं? मामा, आपण दिलेले सगळे दाखले...”

“हो.”

“तुम्ही काय करून ठेवलंत, कळतंय का तुम्हाला?”

“आत्ता कळतंय, साहेब.”

बाई दारात उभ्या होत्या. त्या कॅनकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. “तळ्यात सगळ्या गावाचं धुणं येतं,” त्या हळूच म्हणाल्या. “म्हणजे साबण आहे. फक्त बीकरमधला नव्हे.”

साहेबांनी सही थांबवली आणि बाईंनी चार रांगा लावल्या. मापाच्या पाण्यात नुसती चांदी. मापाच्या पाण्यात नुसता साबण, तळ्यात सापडतो तेवढाच, नियमाच्या मर्यादेतला. मग दोन्ही एकत्र. आणि शेवटी तळ्याच्या पाण्यात चांदी. दोन दिवसांनी पहिल्या दोन रांगा टुणटुण उड्या मारत होत्या. शेवटच्या दोन तळाशी पडल्या होत्या. बाईंनी मला समजेल असं सांगितलं: नुसत्या पाण्यात चांदीचे कण एकमेकांना धरून गोळा होतात आणि खाली बसतात. साबण त्यांना धरू देत नाही. मग ते सुटेच राहतात आणि पिसवांच्या पोटात जातात. एकेकटे दोघेही निरुपद्रवी, कागदावर दोघेही पास. पण चाचणीतल्यासारखं कोरं पाणी कुठल्या तळ्यात असतं?

परवाना अडला. बाई कायम झाल्या. माझी बदली भांडारात झाली, समारंभ रद्द झाला, आणि माझ्या सगळ्या जुन्या वह्या तपासायला कपाटातून बाहेर काढल्या गेल्या. साहेब मला ‘अहो’ म्हणायला लागले. पिसूमामा म्हणेनात. माझी तक्रार नव्हती. पण रोज सकाळी सायकल काढताना हात रिकामे वाटायचे, आणि ते मला अजिबात सोसलं नाही.

पिसवा बाईंकडे गेल्या होत्या, खऱ्या मापाच्या पाण्यात. जिवंत होत्या, पण रोडावलेल्या. जाण्याच्या आदल्या दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, जाता जाता एकदा पोटभर खाऊ घालू. पुन्हा दोन कॅन भरून आणले, फडक्यातून गाळले आणि मोठ्या बरणीवर कॅन तिरका धरला. बाईंनी मनगट पकडलं.

“मामा, आधी वीसच.”

“बाई, अठ्ठावीस वर्षं मी हेच पाणी...”

“माहीत आहे. तरी वीसच.”

मी चिडलो, पुटपुटलो, पण ऐकलं. तळ्याचं पाणी बीकरमध्ये घेतलं. चांदी नाही, काही नाही. मोजून वीस सोडल्या. त्या खाली-वर करू लागल्या तसं मी बाईंना म्हटलं, “बघा, माहेरी आल्यासारख्या वागताहेत.”

शेवटच्या दिवशी सकाळी लवकर गेलो. बीकरमध्ये काही हलत नव्हतं. मी काच टिचकीने वाजवली. भिंग आणलं. एकीचंही हृदय चालू नव्हतं. मोठ्या बरणीत बाकीच्या फिरत होत्या, आणि मी ओतलं असतं तर माझ्याच हातांनी सगळ्या गेल्या असत्या. मी स्टुलावर बसलो आणि या वयात, त्या एवढ्याशा जिवांसाठी, रडलो.

बाई आल्या. मग साहेब आले. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं.

“पण मोज्यांच्या कारखान्याला आपण परवाना दिलाच नव्हता,” ते म्हणाले.

“त्याची वाट कोण बघतंय, साहेब?” बाई म्हणाल्या.

साहेबांनी वही उघडली, माझ्यासमोर सरकवली आणि खिशातलं पेन काढून दिलं.

“पिसूमामा, नोंद तुम्हीच करा.”

मी तारीख घातली. पाणी: तळ्याचं. सोडल्या: वीस. जिवंत: शून्य. आणि खाली सही केली.