वहीतली बेचाळिसावी ओळ

दुपारची जेवणं उरकली की गुणवंतराव दारापुढच्या फरशीवर उशी टेकून बसत, धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत आणि हातातल्या पुस्तकाची दहा पानं मोठ्याने वाचत. ना नऊ, ना अकरा. ऐकायला इंदुताई असत, समोर सुपात निवडायचं काहीतरी घेऊन. आणि रविवार असला की मुलगी नीलिमाही असे. ती चंद्रपूरला एका ग्रंथालयात नोकरी करायची आणि सकाळच्या बसने गडचांदूरला उतरून गावी यायची.

त्या रविवारी पुस्तक होतं दगडांवरचं. ते नीलिमानेच आणून दिलं होतं. कशासाठी, ते मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"आयकलं का," गुणवंतराव चष्म्यावरून बायकोकडे पाहत म्हणाले, "पृथ्वीच्या पोटात गोटे पातळ असते म्हनते. वर येऊन थंडे झाले का घट्ट. तुह्या वरनासारखे."

"मंग दोन वाट्या काऊन खाल्ल्या?" इंदुताई म्हणाल्या. "वाचा मुकाट्यानं."

शहाऐंशीव्या पानावर ते थांबले. खदानीत सुरुंग उडवल्यावर पडून राहणाऱ्या पिवळ्या वायरीचा एक तुकडा ते खूण म्हणून वापरत. तो त्यांनी पानात ठेवला.

"बाबा, आज थोडं पुढं वाचा नं," नीलिमा म्हणाली.

"काऊन? पुढं वाघ बसला हाय?"

"वाघ नाई. पन चांगलं हाय."

"मंग उद्या वाचीन. हे तं पचू दे."

उद्या ती चंद्रपुरात असणार होती. दिवस मोजूनच तिने पुस्तक हाती दिलं होतं. एक्क्याण्णवं पान ते वाचतील तेव्हा आपण समोर नसावं, एवढीच तिची इच्छा. वीस वर्षं जे आपल्या तोंडून निघालं नाही, ते पुस्तकाने सांगावं.

गोष्ट होती कोनाड्यातल्या दगडाची. तळहाताएवढा, चुनखडीचा, आणि त्यावर काळ्या शाईने काढल्यासारखं नाजूक झाड. खोड, फांद्या, फांद्यांना फांद्या. नीलिमा जन्मली त्या वर्षी गुणवंतराव चुनखडीच्या खदानीत ड्रिलवर हेल्पर होते, शिक्षण सातवी. हा दगड त्यांना सापडला. राजुऱ्याच्या कोळशात पानांचे ठसे निघतात, हे त्यांनी तिकडच्या कामगारांकडून ऐकलं होतं. कोळशात पान निघतं तर चुनखडीत झाड का निघू नये? कोणतं झाड, हे शोधायला त्यांनी चंद्रपूरला जाऊन आयुष्यातलं पहिलं पुस्तक विकत घेतलं. त्यात ते झाड नव्हतं, म्हणून दुसरं घेतलं. मग साप आले, तारे आले, गोंड राजे आले. राजांचं पुस्तक कॅरियरला बांधून हा माणूस सायकलने माणिकगडावर गेला आणि पुस्तकात लिहिलेलं दगडाशी ताडून पाहत दिवसभर उन्हात फिरला.

त्यांची एक वही होती. एखादं पुस्तक वाचून आपली जुनी समजूत खोटी ठरली, की ती तारखेसकट वहीत लिहायची. 'साप दूध पीत नाही.' 'किल्ला राक्षसांनी नाही, माणसांनीच बांधला.' 'उन्हाळ्यात सूर्य जवळ येत नाही.' अशा एक्केचाळीस ओळी झाल्या होत्या. पाहुणे आले की चहानंतर वही निघायची. "लोक पोराईचे सर्टिफिकेट दाखोते," ते म्हणायचे, "मी माह्या चुका दाखोतो. एकेक चूक पैदा कराले चाळीस वर्सं लागले."

बारावीत असताना नीलिमाने एका पुस्तकात वाचलं, की चुनखडीवरचं असलं काळं झाड हे झाड नसतंच. फटीत पाणी झिरपतं, त्यात मँगनीज असतं, ते सुकताना फांद्याफांद्यांनी पसरतं. आणि इथला चुनखडक बनला तेव्हा जमिनीवर गवताची काडीही उगवलेली नव्हती. तिने पुस्तक मिटून ठेवलं. सापाचं दूध वेगळं, हा दगड वेगळा. सगळं वाचन या दगडापासून सुरू झालेलं. पायाचाच दगड कसा काढायचा?

संध्याकाळच्या बसने ती चंद्रपूरला परतली. सोमवारी सकाळी चहा घेऊन गुणवंतराव फरशीवर बसले, भिंतीला डोकं टेकलं, आणि इंदुताई कप उचलायला आल्या तेव्हा ते गेलेले होते. पुस्तक आत खाटेवर होतं. पिवळी वायर शहाऐंशीव्या पानात तशीच.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी भैयाजी आले. खदानीत त्यांनी आणि गुणवंतरावांनी एकाच ड्रिलवर बावीस वर्षं काढली होती. आता ते गावातलं वाचनालय सांभाळायचे.

"नीलिमाबाई, दगड आमाले द्या," ते म्हणाले. "काचेच्या पेटीत ठेवतो. पाटी रंगवून आनली." पाटीवर सुबक अक्षरं होती : 'गुणवंतरावांना सापडलेले कोट्यवधी वर्षांपूर्वीचे झाड.'

नीलिमाने पाटी पाहिली. "छान आहे, काका," एवढंच म्हणाली.

दुपारी इंदुताईंनी सूप पुढ्यात ओढलं. "त्याइचे पानं राह्यले नं. कोन वाचन आता?"

नीलिमा फरशीवर बसली. वायर काढली, सत्त्याऐंशीव्या पानापासून सुरुवात केली. एक्क्याण्णवावर तिचा आवाज बारीक झाला, पण तिने ओळ गाळली नाही. शहाण्णवावर थांबली.

इंदुताईंचा हात सुपात तसाच होता. "म्हंजे आपला गोटा..."

"हो."

"तुले कदी कळलं?"

"बारावीत."

"अन् बोलली नाई?"

"त्यांना वाईट वाटलं असतं, आई."

"वाईट?" इंदुताई चक्क हसल्या. डोळे मात्र पाण्याने भरले. "अवं, त्यानं त्या दिवशी मले दोन येळा चा मांडाले लावला असता. सारं गाव बलावून आनलं असतं. एक्केचाळीस होत्या त्याच्याजवळ. सगळ्यात मोठी तं तूच दाबून ठेवली, बाई."

आईचं म्हणणं खरं होतं, आणि ते अंगावर आलं तरी आतून कुठेतरी हलकं वाटलं.

ती भैयाजींकडे गेली, पुस्तक दाखवलं. त्यांनी ते पान दोनदा वाचलं, ओठ हलवत.

"आता पाटी रंगवली नं," ते म्हणाले. "लोकाइले काय समजते? राहू द्या झाडच. मेलेल्या मान्साले काऊन खोटं पाडता?"

तिने पुस्तक पिशवीत घातलं. याचं उत्तर भैयाजींना द्यायचं नव्हतं.

रविवारी वाचनालयात पंधरा-वीस माणसं जमली. गुणवंतरावांनी वाचून वाचनालयाला दिलेल्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी काचेची पेटी, पेटीत दगड, पाटीवर फडकं. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्या उन्हात काळ्या फांद्या इतक्या खऱ्या दिसत होत्या, की सातवी शिकलेल्या कुणालाही त्या झाडाच्याच वाटाव्यात. नीलिमाला हसू आलं. किती चांगली चूक होती ही! या एका चुकीने समोरचं कपाट भरलं होतं.

"दोन शब्द बोला," भैयाजी म्हणाले, आणि हळूच, "झाडच म्हना, पाहा बरं."

तिने पिशवीतून वही काढली. एक्केचाळिसाव्या ओळीखाली तिने सकाळीच एक ओळ लिहिली होती, तारखेसकट. माणसांकडे पाहून बोलायला गेली, जमलं नाही. मग ती पेटीकडे वळली, आणि ग्रंथालयातली तिची नीटनेटकी भाषा कुठल्या कुठे गेली.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "बेचाळीस. हे झाड नाई हो. पान्यानं काढलेलं चित्र हाय. मले बारावीपासून मालूम होतं, अन् मी तुमाले सांगतलं नाई. तुमी खुश झाले असते, बाबा. हे मले पुस्तकात सापडलं, अन् पुस्तक मले तुमीच धराले शिकवलं."