पुट्टीचे पाय

दत्तोजीरावांनी पुट्टीचा पुढचा उजवा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला आणि बोटांच्या मधले केस ओल्या कापसानं बाजूला सारले. पुट्टीनं पाय ओढून घेतला नाही. नुसती मान वळवून अंबूताईंकडे पाहिलं.

"तोंड धरा तिचं, अंबूताई. चावणार नाही, पण धरा."

अंबूताईंनी शिलाईच्या मशीनपासून स्टूल मागं सरकवलं आणि जमिनीवर बसून कुत्रीचं तोंड मांडीत घेतलं.

"चार दिवस झाले, अण्णा. मशीन थांबलं की हिच्या चाटण्याचाच आवाज. मला वाटलं काचबीच लागली."

"काच नव्हे. गाद्या तडकल्यात." त्यांनी पाय उजेडाकडे वळवला. तळव्याच्या काळ्या गादीवर बारीक भेगा होत्या आणि बोटांच्या बेचक्यांत कातडी लालसर, सोललेली. "थंडीनं होतं. यंदाची थंडी कोरडी आहे. माझ्या टाचा बघा की."

अंबूताईंनी त्यांच्या टाचांकडे खरंच पाहिलं आणि मान डोलावली.

नजरबादेतल्या त्या गल्लीत अंबूताईंचं आणि दत्तोजीरावांचं घर समोरासमोर होतं. अंबूताईंच्या घरात तीन पिढ्या शिवणकाम होतं. नवरा गेल्यावर आणि मुलगी सासरी गेल्यावर त्या एकट्याच ब्लाउज शिवत राहिल्या. सहा वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात मशीनखालच्या चिंध्यांत एक तपकिरी पिल्लू येऊन झोपलं, ते गेलंच नाही. पुट्टी म्हणजे कानडीत छोटी. आता ती छोटी राहिली नव्हती, पण हाक तीच राहिली.

दत्तोजीरावांचे आजोबा महाराजांच्या घोडदळात होते. नातवाच्या वाट्याला घोडे आले नाहीत, सरकारी गुरांच्या दवाखान्यातली कंपाउंडरची नोकरी आली. एकतीस वर्षं त्यांनी बैलांच्या खुरांपासून दसऱ्याच्या हत्तींच्या तळव्यांपर्यंत सगळ्यांना मलमं लावली. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. हातात धरायला कुणाचे पाय उरले नव्हते. म्हणून अंबूताईंनी हाक मारली तेव्हा ते चप्पल न घालताच गल्ली ओलांडून आले होते.

त्याच दिवशी ते देवराज मार्केटात जाऊन मधाच्या पोळ्याचं मेण घेऊन आले. खोबरेल तेलाची बाटली थिजून पांढरी झाली होती, ती त्यांनी तासभर उन्हात ठेवली. तेलात मेण वितळवलं, वरून चमचाभर हळद टाकली आणि जुन्या मलमाच्या डबीत ओतलं. संध्याकाळी कोमट पाण्यानं पाय धुवायचे, बेचके कोरडे करायचे, मलम लावायचं. अंबूताईंनी अस्तराच्या कापडाचे चार छोटे मोजे शिवले, घोट्याशी बांधायला नाड्यासुद्धा लावल्या. पुट्टी त्या मोज्यांत पाय उचलून उचलून अशी चालू लागली की अंबूताईंना हसू आवरेना. रात्री ती मोजे घालून झोपे. सकाळी दार उघडायच्या आत चारही मोजे मशीनखाली पडलेले असत.

सकाळी पुट्टीची एक ठरलेली फेरी होती. दत्तोजीराव पायरीवर कॉफी घेऊन बसत आणि कॉफीत बुडवलेलं रस्क तिच्यासाठी ठेवत. ती गल्ली ओलांडून येई, त्यांच्यासमोर बसून रस्क खाई आणि तिथंच जरा लवंडे. वर्षभर याला कुणाची हरकत नव्हती. पण धनुर्मास लागला की त्या पायरीपुढची जागा त्यांच्या बायकोची, गोदावरीबाईंची असे. महिनाभर पहाटे उठून, सडा टाकून त्या हातभर नव्हे, पुरुषभर रांगोळी घालत. गल्लीतल्या बायका देवळात जाताना थांबून बघत. आणि पुट्टी त्या रांगोळीतून चालत येई.

"आली बघा महाराणी!" गोदावरीबाई आतून म्हणत. "कंबर मोडून घालते मी, आणि ही मधोमध बसते. एकदा हिला अद्दल घडायला पायजे."

"जनावर आहे गं. त्याला काय कळतं?"

"तुम्हाला कळतं ना? मग इथंच कशाला बोलावता, सुम्ने, उगाच?"

दत्तोजीराव यावर कॉफीचा घोट घेत.

पाच दिवस मलम लावूनही पाय सुधारले नाहीत. संध्याकाळी जरा बरे वाटत, दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच, किंबहुना जास्तच. सहाव्या दिवशी सकाळी रस्क खाऊन पुट्टी परत गेली, आणि पाचच मिनिटांत अंबूताईंची हाक आली.

"अण्णा! लवकर या. रक्त!"

पुट्टी मशीनपाशी आडवी झाली होती. पुढच्या दोन्ही पायांचे तळवे लालभडक होते. दत्तोजीरावांनी कापूस टेकवला. कापसावर लाल रंग उतरला. त्यांनी तो नाकाशी नेला. मग दुसऱ्या कापसानं पंजाची वरची बाजू पुसली. तिथलं मलम पिवळंच होतं.

फक्त तळवेच लाल झाले होते.

ते कापसाच्या बोळ्याकडे बघत राहिले. हळद लाल कशानं होते हे सांगायला कंपाउंडर लागत नाही. ज्या घरात कुंकू लावतात त्या घरातल्या पोरींनाही ते ठाऊक असतं. हळदीला चुना लागला की.

त्यांनी मान वर केली तेव्हा अंबूताई दारातून समोरच्या पायरीकडे पाहत होत्या. तिथल्या मोठ्या पांढऱ्या रांगोळीच्या मधोमध पंजांचे ठसे होते. त्यांनी लगेच नजर काढून घेतली आणि सुईत दोरा ओवायला सुरुवात केली.

"हळदच जुनी असेल, अण्णा," त्या म्हणाल्या. "रंग सोडत असेल."

"असेल," दत्तोजीराव म्हणाले.

त्यांनी पुट्टीचे पाय तीनदा धुतले. घरी आले तेव्हा गोदावरीबाई देवळात गेल्या होत्या. मागच्या खोलीत रांगोळीचा पत्र्याचा डबा होता. त्याच्या शेजारी, दसऱ्याआधी भिंतींना सफेदी केली तेव्हा उरलेली चुन्याची पिशवी. पिशवीचं तोंड सुटलेलं होतं आणि आत करवंटी खोचलेली होती. दत्तोजीरावांनी डब्यातली चिमूट तळहातावर घेतली, पाण्याचा थेंब टाकला, हळदीचं बोट फिरवलं. तळहातावर कुंकू उमटलं. अंगठ्याच्या भेगेत झोंबलंसुद्धा.

ते तिथंच तांदळाच्या पोत्यावर बसले.

चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला रागावताना पुष्कळदा पाहिलं होतं. मुक्या जिवाला इजा करताना एकदाही नाही. पण तिचे शब्द त्यांनीच ऐकले होते, एकदा नव्हे, रोज. विचारायला तोंड उघडावं आणि ती "हो" म्हणाली तर पुढं काय बोलायचं, हे त्यांना सुचेना.

दुपारी जेवताना गोदावरीबाईंनीच विषय काढला.

"कशी आहे ती? पाय बरे झाले?"

"होतील."

गोदावरीबाईंनी ताक ओतलं. वाटी भरली तरी ओतत राहिल्या. ताक ताटात आलं, भातात शिरलं.

"अय्यो," म्हणून त्यांनी हात मागं घेतला आणि घाईनं आत निघून गेल्या. दत्तोजीरावांनी ताकात भिजलेला भात खाल्ला. तिच्या मनाला खातंय म्हणून हात चुकला, असं त्यांनी समजून घेतलं, आणि त्यांना अधिकच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोदावरीबाई उठल्या तसे तेही उठले. बादलीचा आवाज झाला, सडा पडला. ते अंगावर शाल घेऊन, दिवा न लावता दाराच्या आड उभे राहिले. आज रांगोळीत किती चुना घालते ते डोळ्यांनी बघायचं आणि तिथंच हात धरायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पायरीपर्यंत येत होता.

गोदावरीबाई ओणव्या झाल्या. एवढ्या, की कपाळ जमिनीला टेकेल की काय असं वाटावं. उजव्या हातानं त्यांनी ठिपक्यांची एक ओळ घातली. मग डाव्या हाताचं बोट जमिनीवर सरकवत त्या पहिला ठिपका शोधू लागल्या. बोटाला तो लागला तेव्हा त्याच्याशेजारी दुसऱ्या ओळीचा ठिपका ठेवला. तिसऱ्या वेळी बोट ठिपक्यावरून पुढं गेलं. त्या थांबल्या, डोकं वाकडं करून एका डोळ्यानं पाहिलं, मग दुसऱ्यानं. पदरानं डोळे पुसले. पुन्हा पाहिलं. मग शेजारच्या पिशवीतून करवंटीनं आणखी पांढरी पूड घेतली आणि डब्यात हातानं कालवली.

दत्तोजीरावांनी धरून ठेवलेला श्वास सोडला. तो ऐकून त्या दचकल्या.

"कोण?"

चार हातांवर उभ्या नवऱ्याला त्यांनी विचारलं होतं.

"मी आहे," दत्तोजीराव म्हणाले. पायरी उतरून ते ओल्या जमिनीवर तिच्याशेजारी उकिडवे बसले. "कधीपासून दिसेना झालंय?"

"दिसतं की." त्यांनी डबा जवळ ओढला. "यंदा धुकंच जास्त पडतंय."

"आज धुकं नाही, गोदा."

गोदावरीबाईंनी वर पाहिलं, रस्त्याच्या दिव्याकडे, मग समोरच्या घराकडे.

"गौरीपासून," शेवटी त्या म्हणाल्या. "आधी स्वल्प होतं. आता सगळंच दुधातून बघितल्यासारखं. नुसती रांगोळी मातीतच मिसळते, तिची रेघच दिसत नाही. सुण्णा मिसळला की जरा उजळते. दिवसेंदिवस जास्तच घालावा लागतो. बायका थांबून बघतात हो. त्यांना काय सांगू, यंदापासून मी घालत नाही म्हणून?"

"मला सांगायचंस."

"तुम्हाला सांगितलं की डॉक्टर, आणि डॉक्टर म्हटलं की कापणं. माझ्या आईचा डोळा असाच गेला, कापून."

दत्तोजीरावांनी तिच्या हातातली करवंटी काढून घेतली. तिच्या बोटांची टोकंही पांढरी, चरबरलेली होती. ती त्यांनी आपल्या शालीनं पुसली.

"चुन्यानं पुट्टीचे पाय भाजलेत," ते शक्य तितक्या हळू म्हणाले. "थंडीनं नव्हे. ओल्या सड्यावर चुना, आणि वर ती बसते."

गोदावरीबाईंचा हात शालीतच राहिला.

"मी केलं?"

"रस्क दाखवून रोज मीच तिला इथं बोलावत होतो. अर्धं माझं."

"तुम्हाला वाटलं असेल..." त्या बोलता बोलता थांबल्या. त्यांचा नवरा या वेळी कधी उठत नसे, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. "म्हणून दाराआड उभे होतात?"

दत्तोजीरावांनी करवंटी पायरीवर पालथी घातली. गोदावरीबाई उठल्या, आत गेल्या, आणि भरलेली बादली घेऊन आल्या. पायरीपासून गटारापर्यंत त्यांनी अकरा बादल्या पाणी ओतलं, खराट्यानं घासलं. दत्तोजीराव नळावरून बादल्या भरून देत राहिले. देवळाकडे निघालेल्या बायका आल्या तेव्हा दोघांचे कपडे गुडघ्यापर्यंत भिजले होते आणि अंगणात रांगोळीचा कणही नव्हता.

"काय झालं, अक्का?" एकीनं विचारलं.

"धुतलं," गोदावरीबाई म्हणाल्या.

उजाडल्यावर त्या गल्ली ओलांडून अंबूताईंकडे गेल्या. पुट्टी आल्यापासूनच्या सहा वर्षांत पहिल्यांदाच. आत काय बोलणं झालं ते दत्तोजीरावांना कळलं नाही. मशीनचा आवाज मात्र बराच वेळ बंद होता, आणि परतताना गोदावरीबाईंच्या हातात झाकलेली वाटी होती. अंबूताईंनी हुग्गी दिली होती, गूळ घातलेली धनुर्मासातली खिचडी.

पुट्टीचे पाय त्यानंतर आठवड्यात भरून आले. भेगा मिटल्या, बेचक्यांत नवी कातडी आली. पण ती समोरच्या पायरीवर येईना. गल्लीच्या मध्यापर्यंत येई, जमीन हुंगे आणि मागं फिरे. गोदावरीबाई दारात उभ्या राहून "बा गे, पुट्टी, बा," अशी हाक मारत. पुट्टी शेपूट हलवून लांबच बसे. दत्तोजीराव रस्क तिच्याकडे नेऊन देऊ लागले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. हल्ली आईच्या वेळसारखं राहिलेलं नाही, हेही सांगितलं. गोदावरीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "संक्रांतीनंतर चालेल ना?" संक्रांतीला धनुर्मास संपत होता. डॉक्टर म्हणाले, चालेल.

म्हणून उरलेल्या दिवसांत ठिपके दत्तोजीरावांकडे आले. गोदावरीबाई शाल पांघरून पायरीवर पाटावर बसत आणि आकडा सांगत. रेघा त्या स्वतः ओढणार होत्या, हात धरून पहिल्या ठिपक्यावर नेला की पुढचं वळण हाताला पाठ होतं. ठिपके मात्र सरळ हवेत.

"मधली ओळ पंधरा चुक्की. मग दोन्हीकडे एकेक कमी. आठवर थांबा."

दत्तोजीरावांनी आयुष्यभर गुंजांत आणि थेंबांत औषधं मोजली होती. एकतीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी दोन बोटांचं अंतर धरून एकेक ठिपका ठेवला. शेवटची ओळ संपली तेव्हा कंबर सरळ करायला त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. त्यांनी निरखून पाहिलं. ओळी सुताच्या दोरीनं आखल्यासारख्या होत्या.

"डावीकडची तिसरी ओळ वाकडी आहे," पायरीवरून आवाज आला.

दत्तोजीरावांनी ओळीकडे पाहिलं. मग बायकोकडे. ती दुसरीकडेच कुठं तरी, दिव्याच्या खांबाकडे पाहत होती.

ते पुन्हा ओणवे झाले. तिसरी ओळ हातानं पुसली आणि होती तिथंच पुन्हा घातली.

"आता?"

"हं," गोदावरीबाई म्हणाल्या. "आता बरोबर."