लिबेल्यूलचं सुकाणू

"मस्य गोद्री, तुम्ही कधी स्वतःच्याच लॉकमध्ये पडलायत का हो?"

विचारलं एकदाचं! मला हे विचारायची छाती होणारच नाही, अशी पैज माझ्या मैत्रिणींनी, ओरियान आणि ल्युदिविननं, लावली होती. लॉक म्हणजे बोटीला वरच्या पाण्यातून खालच्या पाण्यात उतरवणारा, दोन्हीकडे दरवाजे असलेला कालव्यातला हौद; तो उघडणाऱ्या माणसांत गोद्रींइतका खडूस अख्ख्या कालव्यावर दुसरा नाही. पण त्या दिवशी मी कुणालाही काहीही विचारलं असतं. आमच्या बोटीचं, लिबेल्यूलचं, सुकाणू सकाळपासून माझ्या हातात होतं. एकटीच्या!

आठ वर्षांची असल्यापासून माझं काम दोराचं. बोट लॉकमध्ये शिरली की काठावर उडी मारायची, खुंट्याला दोर गुंडाळायचा, मागचे दरवाजे लागून पाणी उतरायला लागलं की तो हळूहळू सैल सोडायचा. सुकाणू पपाचं. आणि आज न्याहारीलाच तो म्हणाला, "क्लोतिल्द, आज बोट तू न्यायचीस. मी नुसता बसणार." ऐकून माझा क्रोसाँ त्याच्याच कॉफीत पडला.

सोबत लियाँहून आलेले मस्य आणि मादाम व्हेर्दिए होते. पपाच्या जुन्या ओळखीचे, असं ममानं सांगितलेलं. प्रत्येक लॉकमध्ये दोन्ही बाजूंना हातभरच जागा, पण मी एकदाही भिंतीला घासू दिली नाही. मादाम टाळ्या वाजवायच्या.

"बघा हो, एवढीशी मुलगी! किती सोपं दिसतंय!"

"सोपंच आहे!" मी मिरवून घेतलं. "इंजिन गरीब आहे हिचं. मागे घेताना जरा डावीकडे ओढते, तेवढं सांभाळायचं."

मस्य व्हेर्दिएंनी ते चक्क वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, काय हे कौतुक माझं!

बारा ते एक सगळी लॉकं जेवायला बंद. म्हणून आम्ही बोट गोद्रींच्या लॉकच्या अलीकडे बांधली. बाकीचे काठावर ब्रेड, चीज, टोमॅटो मांडून बसले आणि मी गोद्रींच्या मागोमाग त्यांच्या भाजीच्या वाफ्यात जाऊन पैज जिंकले.

ते इतके हसले, की हातातली मुळ्यांची जुडी खाली पडली.

"दोनदा! दुसऱ्यांदा तर नवे बूट घालून, आणि वर पुलावर लग्नाचं अख्खं वऱ्हाड." डोळे पुसत ते म्हणाले, "चुकल्याचुकल्यासारखं वाटेल गं पोरी. तुझ्याएवढं आगाऊ आता कोण येणार इथे?"

"का? मी कुठे चाललेय?"

"तू नाही, बोट." त्यांनी व्हेर्दिएंकडे हनुवटी उडवली. "वरच्या लॉकवरून अलीनचा फोन आला, नेहमीसारखा. म्हणाली, लिबेल्यूल येतेय, गिऱ्हाईक घेऊन. पोरगी चालवतेय, म्हणजे त्यांना दिसेल की किती..."

त्यांनी वाकून मुळ्यांची जुडी उचलली.

"किती सोपं आहे," मी म्हणाले.

"तुला सांगितलं नव्हतं?"

म्हणूनच सकाळी अलीन माझ्या दोन्ही गालांचे मुके घेऊन मला उगाच धरून राहिली होती. एका लॉकवरून दुसऱ्या लॉकवर, सगळ्या कालव्याला कळलं होतं. फक्त बोट चालवणारीला नाही.

मी काठावर आले. पपा डाव्या हातानं वाईन ओतत होता. उजवा खांदा गेल्या हिवाळ्यापासून वर जात नाही त्याचा.

"पपा, विकतोयस तू हिला?"

मस्य व्हेर्दिएंनी वही मिटली. ममानं पटकन माझा हात धरला. "अगं क्लो, संध्याकाळी सांगणारच होतो. पपाचा खांदा..."

"खांदा मला दिसतो, ममा. खांद्याचं सांगितलं असतं तर कळलं असतं मला."

"तू रडत बसली असतीस. दिवस वाया गेला असता."

"कुणाचा?"

पपा मान खाली घालून म्हणाला, "तुला कधीपासून चालवायचीच होती ना? म्हटलं, तुझीही हौस होईल."

त्यापेक्षा त्यानं मला थोबाडीत मारली असती तर बरं. आयुष्यातला सगळ्यात भारी दिवस म्हणून मी जो मिरवत होते, त्यात मीच बोटीची जाहिरात करत होते. गरीब इंजिन! डावीकडे ओढते! सगळं माझ्याच तोंडून.

एक वाजला. गोद्री आमच्याकडे न बघता दरवाज्याच्या चाकापाशी जाऊन उभे राहिले. मादाम व्हेर्दिए कुजबुजल्या, "निघायचं का?" आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. सवयच लागली होती ना सकाळपासून.

मी माझा हात ममाच्या हातातून सोडवला.

"ममा, पपा, ऐका. मी सुकाणू धरणार नाही आणि दोरही धरणार नाही. खालची पाच लॉकं मी काठाकाठानं चालत येणार आहे. ह्यांना बोट हवीय ना? मग ह्यांनीच नेऊन बघावी."