धुणाऱ्यावर ठरतं

माझा मुलगा हुशार आहे, हे मी आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं ऐकून कुणी मला कैदाशीण म्हणायला नको.

कुठलीही वस्तू घ्यायची तर तो तिचा पिच्छाच पुरवतो. साधा पंखा घ्यायचा होता तेव्हा महिनाभर वाचत होता, आणि पंखा आला तोवर उन्हाळा संपला. मग पहिल्यावहिल्या मुलीसाठी डायपर निवडायचे म्हटल्यावर काय विचारता! चिंगी जेमतेम दोन आठवड्यांची. वापरून फेकायच्या डायपरांनी तिच्या मांड्यांवर लालभडक पुरळ उठलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही दिवस कापडी वापरून बघा. बरोबरच होतं त्यांचं. पोरीची ती सोललेली कातडी बघून माझाही जीव तुटत होता. तेव्हा कापडाशी माझं भांडण नाही, हेही सांगून टाकते.

सूनबाईचे टाके अजून ओले होते, म्हणून मुलगा आणि मी दुकानात गेलो. म्हणजे तो गेला निवडायला आणि मी गेले पिशव्या धरायला.

लहान मुलांच्या सामानाचं दुकान. दारातच पाळण्यांची गर्दी, भिंतीवर झबली-टोपडी, आणि काउंटरवर एक प्लास्टिकची बाहुली, तिच्या पोटावरचा रंग डायपर घालून-काढून उडालेला. विक्रीवरच्या मुलीनं त्या बाहुलीला एकेक प्रकार घालून दाखवला. साधे चौकोनी लंगोट होते, घडी घालून बांधायचे, वरून पाणी न झिरपणारं कव्हर. खिशाचे होते, त्यात पॅड सरकवायचा. आणि एक प्रकार सगळंच एकत्र शिवलेला, जाडजूड, गुबगुबीत. घालायला एकदम सोपा.

"पण वाळायला फार वेळ घेतात हे," मुलगी म्हणाली.

माझ्या मुलानं ते ऐकलंच नाही. तो तिला विचारत होता, बांबूचं कापड की सुती? आत थर किती? कितव्या धुण्यानंतर पूर्ण शोषून घेतं? रंग कसला वापरलाय? ती बिचारी न कंटाळता उत्तरं देत होती. मग त्यानं तिला, फेकलेला डायपर जमिनीत किती वर्षं कुजत नाही ते सांगितलं. ती म्हणाली, "हो दादा." गिऱ्हाईक भाषण करायला लागलं की दुकानदार म्हणतात ना, तसं.

मग तिनं विचारलं, "दादा, घरी धुणार कोण? मशीनमध्ये की हातानं? कारण कुठले घ्यायचे ते धुणाऱ्यावर ठरतं."

"हातानंच. मशीननं इलॅस्टिक सैल होतं असं वाचलंय मी," माझा मुलगा म्हणाला. "आणि धुवायचं म्हणाल तर, आई आहे ना."

त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घरात नळ आहे ना, दोरी आहे ना, तशी आई आहे ना!

त्या मुलीनं मात्र माझ्याकडे पाहिलं. "मावशी, तुम्हाला कुठले बरे पडतील?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या चिरंजिवांनी ते जाडजूड उचललेसुद्धा. "हेच द्या. चिंगीला सगळ्यात चांगलं तेच मिळायला हवं." हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला काय जातं!

मी गप्प बसले. चारचौघांत मुलाचं नाक कापू नये म्हणून. घरी जाऊन बोलू, असं म्हटलं. आणि घरी गेल्यावर चिंगी भुकेनं किंचाळत होती, सूनबाईला उठवत नव्हतं, वरण-भाताचा कुकर लावायचा होता. राहिलं ते राहिलंच.

आता ते लंगोट कसे होते ते ऐका. ओला झाला की एकेक म्हणजे भिजलेली गोधडी. भिजवा, चोळा, पिळा, पुन्हा चोळा. पाणी काही नितळ म्हणून येईना. सकाळी दोरीवर टाकलेला संध्याकाळी वरून कोरडा आणि आतून ओलाच. माझी मनगटं रडकुंडीला आली. आणि बाथरूमच्या दारात उभा राहून माझा मुलगा सांगायचा, "आई, साबण कमी घाल, कापडाची शोषायची ताकद जाते." "आई, पाणी फार गरम नको." "आई, पिळू नकोस गं, दाबून पाणी काढ." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मला त्या दिवसांत नीट कळलं. एकदा तर हातातला ओला लंगोट त्याच्या तोंडावर भिरकवावा असं फार मनात आलं. नातीचा होता म्हणून वाचला.

तरी सांगते, नातीचे लंगोट धुवायला माझी ना नव्हती. त्यासाठीच मी रजा काढली होती. रजा. म्हणजे संपल्यावर परत जायचं असतं ती.

मी चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात काम करते. हे गेल्यापासून तेच माझं घर चालवणं आणि तेच माझं मन रमवणं. आधी काचा घासायला होते, मग फ्रेममध्ये बसवायला. आणि आता मालकांनी तपासणीचं टेबल मला द्यायचं ठरवलं होतं. तपासणीचं टेबल म्हणजे शेवटचा हात. प्रत्येक चष्मा तिथून जातो. नंबर बरोबर आहे का, काचेचा मध्य डोळ्यासमोर येतो का, उजेडात धरल्यावर कुठे ओरखडा दिसतो का. काच फ्रेममध्ये जराशी फिरलेली असली, तर घालणारा माणूस दिवसभर कपाळ धरून बसतो आणि त्याला कळतही नाही का. त्या टेबलावरचा माणूस 'नाही' म्हणाला की मालकसुद्धा चष्मा बाहेर पाठवत नाहीत. इतकी वर्षं मी दुसऱ्यांचं 'नाही' ऐकत आले. आता माझं 'नाही' ऐकलं जाणार होतं. घरी सांगितलं तेव्हा मुलगा म्हणाला होता, "वा, आई!" आणि पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घातलं होतं.

रजा संपत आली, तेव्हा एका दुपारी मी कारखान्यात डोकावले. टेबलावर नवा दिवा बसवणार होते, तो बसवला का बघावं म्हणून.

आत पाऊल टाकलं तर घासकामाची माझी मैत्रीण ओल्या हातांनीच येऊन गळ्यात पडली. "सुटलीस गं बाई! आता नातीला घे नि बस मजेत!"

"कुठून सुटले?"

ती गोंधळली. तिनं मालकांच्या केबिनकडे पाहिलं. मी तपासणीच्या टेबलाकडे पाहिलं. नवा दिवा लागला होता, आणि त्याच्याखाली पॅकिंगमधला उंच माणूस बसून काच उजेडात धरून बघत होता. धरली होती उलटी.

मालक म्हणाले, "या बाई, या! तुमच्या मुलाचा फोन आला होता. फार समजूतदार मुलगा. म्हणाला, आईला आता झेपत नाही, पण तिला स्वतःच्या तोंडानं सांगायला जड जाईल, म्हणून मीच सांगतो. मी म्हटलं, काही हरकत नाही. तुमचा सत्कारही करणार होतो आम्ही."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझी मस्तकात जाऊन तिथेच थांबली, कारण पुढे जायला जागा नव्हती. माझी नोकरी, माझी मनगटं, माझं टेबल, आणि परस्पर निकाल लावला माझ्या पोटच्या पोरानं! एका फोनवर! जसा काही गॅसचा नंबर लावतोय!

"मालक," मी म्हटलं, "माझं तोंड अजून माझ्याच चेहऱ्यावर आहे. मला काही सांगायचं असेल तर ते त्यातून येईल."

मालक वाईट माणूस नाही, पण घाईचा आहे. ते म्हणाले, "बाई, मला टेबल रिकामं ठेवता येणार नाही. उद्या सकाळी तुम्ही येऊन बसलात तर टेबल तुमचं. नाहीतर यालाच शिकवतो."

घरी गेले ती चपला पायात ठेवूनच आत शिरले. मुलगा बैठकीच्या खोलीत लंगोटांच्या घड्या घालत होता. मी धुतलेल्या आणि मी वाळवलेल्या.

"कारखान्यात फोन केलास तू?"

त्याचा चेहरा पडला नाही, उलट उजळला. "अगं, तुलाच बोलायला अवघड झालं असतं! म्हटलं, आपणच तोडून टाकावं. तू किती राबणार? आता घरी आराम कर."

"आराम? हे बादलीभर रोजचं धुणं म्हणजे आराम?"

"ते काय गं, घरातलंच काम. चिंगीला परक्यांच्या हाती द्यायचं का? तू असताना?" मग त्यानं मला सगळ्यात झोंबणारं वाक्य उच्चारलं, आणि तेही किती प्रेमानं! "आणि तिथे तू नसलीस तर त्यांचं काही अडत नाही, आई. इथे अडतं."

मला रडू आलं. रागानं आलं, पण आलं. ज्याच्या शाळेची, कॉलेजची, पहिल्या सुटाबुटाची सोय त्याच काचांतून झाली, तो मला सांगत होता की तिथे माझ्यावाचून अडत नाही.

आमचा आवाज चढला तशी सूनबाई चिंगीला घेऊन बाहेर आली. भिंतीला हात लावत, हळूहळू. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. अजून काही आठवड्यांनी तिला परत जायचं होतं.

"काय झालं, आई?"

मी सांगितलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि अगदी सावकाश विचारलं, "आणि माझ्या लॅबमध्ये?"

हातातल्या लंगोटाची घडी त्यानं मोडली आणि पुन्हा घातली.

"परवा मॅडमचा मेसेज आला," ती म्हणाली. "'वर्षभर निवांत राहा, तुमच्या जागी माणूस बघतो.' मला वाटलं मी त्यांना नकोशी झाले. दोन दिवस मी उशीत तोंड खुपसून रडतेय. तू बाजूला बसून मला पाणी देत होतास. म्हणत होतास, होतं असं बाळंतपणात."

मी माझ्या टेबलासाठी भांडायला आले होते. पण त्या पोरीचा चेहरा बघितला आणि माझा राग एकट्या माझा राहिला नाही. मला माझ्या मुलाची लाज वाटली. इतकी वाटली की क्षणभर मी दुसरीकडे बघितलं.

"मी तुमच्या दोघींच्या भल्यासाठीच," तो पुटपुटला. "कुणीतरी ठरवायला नको का?"

"आधी हिला धर," सूनबाई म्हणाली आणि चिंगीला त्याच्या मांडीवर ठेवलं. "आता फोन लाव मॅडमना."

त्यानं एका हातानं लावला. पलीकडून आवाज आला तसा तो म्हणाला, "नमस्कार, मी यांचा नवरा बोलतो..." पुढचं सूनबाईनं बोलूच दिलं नाही. फोन घेतला. "मॅडम, मी बोलतेय. माझ्या वतीनं जो फोन आला तो मी केलेला नव्हता. मी ठरलेल्या तारखेला येणार आहे. माझ्या जागी कुणी बघू नका." शब्द एकही चुकला नाही.

फोन ठेवल्यावर मुलगा म्हणाला, "मग हिचं कोण बघणार?"

"मी कामावर जाईपर्यंत पाळणाघर बघू, तिघं मिळून. आईंना विचारून, त्यांना गृहीत धरून नाही," ती म्हणाली. "आणि लंगोट तू धुवायचेस. तू निवडलेस."

एवढ्यात चिंगीनं त्याच्या मांडीवरच आपला निकाल दिला. आम्ही दोघी जागच्या हललो नाही. माझे हात शिवशिवत होते, खोटं कशाला सांगू, पण मी ते पदराखाली धरून ठेवले.

सकाळी मी डबा घेतला, एक चप्पल पायात घातली. बाथरूममधून खळखळाट ऐकू येत होता, बादली आपटत होती, आणि मध्येच मुलगा ओरडला, "आई! हा पिवळा डाग जातच नाही गं! काय लावू याला?"

मला ठाऊक होतं. काहीच लावायचं नसतं. स्वच्छ धुऊन कडक उन्हात टाकला की तो डाग आपोआप जातो. अर्ध्या वाक्याचं काम होतं. माझी पावलं आत वळलीसुद्धा. आत गेले असते तर डाग दाखवता दाखवता लंगोट हातात घेतला असता, आणि एकदा हातात आला की तो कायमचा माझा झाला असता, हेही मला ठाऊक होतं.

सूनबाई चिंगीला खांद्यावर घेऊन दारापाशी उभी होती. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या डोळ्यांत. आणि तिथूनच बाथरूमच्या दिशेनं मोठ्यानं म्हणाली, "आई गेल्या कामावर!"

मी दुसरी चप्पल हातातच घेतली आणि दार हळूच ओढून घेतलं. कारखान्यात मालक आले तेव्हा उंच माणूस पॅकिंगमध्ये परतला होता, आणि त्यानं कालच पास केलेला एक चष्मा मी नापास करून ठेवला होता.